चुन्याची निवळी

बदलीच्या संसारात हौसेला फारशी जागा नसते. तरीही पट्टीश्वरम् येथील भाड्याच्या घरात आम्ही 100 लिटरांचा एक समुद्र बाळगून आहोत. आमची कचेरी कुंभकोणमला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, देवगडचे. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहावयास आले. येथे देवळे आहेत, कालवे आहेत, डोळे निवविणारी भातशेते आहेत. खारा वारा तेवढा नाही. म्हणून ही काचेची पेटी. तीत दोन क्लाउन मासे, थोडे खडक आणि चार गोगलगायी.

समुद्राचे पाणी घरी करणे अवघड नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरामागे सुमारे 35 ग्रॅम तयार समुद्रमीठ विरघळविले की झाले. अवघड आहे ते राखणे. तीन महिन्यांत खडकांवर हिरवे केस उगवले आणि काचेवर शेवाळाची साय धरली. खरवडावे, तो आठवड्यात पुन्हा तेच.

कारण फॉस्फेट. माशांच्या विष्ठेतील नत्राला काही सूक्ष्म जंतू वायुरूप देऊन हवेत धाडतात. फॉस्फरसला अशी हवेची वाट नाही. जे खाद्यातून आत गेले ते आतच साचते. शेवाळ खरवडून पाण्यातच सोडले तर ते कुजून आपले फॉस्फेट परत करते. आणि खाद्य तर अण्णांच्या हाती होते. ते दिवसातून चार वेळा सुकट कुस्करून टाकीत आणि मासे वर येताना पाहून हसत. आई गेल्यानंतरचे ते पहिलेच हसू. ज्या हाताने आम्हांला घास भरविला, त्या हाताला ‘पुरे’ कसे म्हणावे?

शेवटी आम्ही त्यांना कॅनडातील एका तळ्याची हकीकत सांगितली. 1973 साली डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींकडे कार्बन आणि नत्र घातले. फॉस्फरस मात्र एकीकडेच. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. अण्णांनी खिडकीबाहेर, खत पडलेल्या शेतांतून वाहणाऱ्या पाटाकडे पाहिले. मग म्हणाले, “पावण्याक आग्रह करतत. घरच्याक कित्याक?”

तेव्हापासून सुकट बंद. सकाळी एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. शेवाळ अण्णा हाताने उपटून बाहेर काढतात, कारण पेटीतून फॉस्फेट खरोखर बाहेर जाते ते असेच. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो. गाळणीत लोहभस्माच्या दाण्यांची पिशवी ठेवली आहे. ते दाणे फॉस्फेट धरून ठेवतात. रात्री शुद्ध विरलेल्या चुन्याची निवळी थेंबथेंब सोडतो. तिने खडकांना कॅल्शियम मिळते आणि रात्री उतरणारा पाण्याचा अल्कपणा सावरतो. विड्याच्या पानांच्या या मुलखात चुन्याचे हे काम पाहून शेजारच्या आजींना भारी नवल वाटते.

पूर्वी परीक्षानळी गडद निळी होत असे. आता जेमतेम निळसर होते. अगदी रंगहीन व्हावी असा आमचा हट्ट नाही. पाण्यातल्या जीवांनाही फॉस्फरस लागतोच. तो शून्यावर गेला तर त्यांचीही उपासमार होते. अण्णांनी सकाळच्या चिमटीत कधी दोन दाणे जास्त धरले, तर आम्ही दप्तर उघडून कामात गुंततो.