पणजोबांच्या भावाच्या मागावर

पोर्ट लुई

ती. आप्पांस,

सुखरूप पोचले. सामान टाकलं आणि तडक आप्रवासी घाटावर गेले. बोटीतून उतरलेल्यांना चढाव्या लागत त्या सोळा दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. 1835 मध्ये इथली गुलामगिरी संपली, उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली आणि हिंदुस्थानातून गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावरच्या मजुरांच्या, बोटी भरून येऊ लागल्या. बरेचसे कलकत्त्याहून आले. आपल्या रत्नागिरीकडचे मुंबईहून. तुमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ ‘मिरिचेला गेला तो गेलाच’, असं आजी म्हणायची. मिरिचे म्हणजे मॉरिशस; तो गेला इथंच.

मोका

महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, बोट. आडनावाचा रकानाच नाही. त्यात आपल्या माणसाची वाटावी अशी एक नोंद सापडली: बापाचं नाव आपल्या वंशावळीतलंच आहे, कपाळावर व्रण. पण गाव साहेबाने कानावर पडलं तसं लिहिलंय. आपल्या तालुक्यातली दोन गावं त्यात बसतात. 1867 च्या कायद्याने जुन्या गिरमिट्यांना फोटोचं तिकीट जवळ बाळगावं लागे, म्हणून काहींचे फोटोही आहेत. याचा मिळाला नाही.

कास्कावेल

त्या नंबरावरून पुढचे जन्म-लग्नाचे दाखले लावत आले ते या घरी. इथं मराठी घरं बरीच. गणपतीत जाखडी नाचतात, चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. घरातले काका तुमच्याच वयाचे. बोलतात क्रिओल, पण आरती तोंडपाठ. पूर्वजाच्या बापाचं नाव हेच आता त्यांचं आडनाव झालंय.

डीएनए द्यायला ते तयार आहेत. आता तुमचा हवा. गालाच्या आतून काडी फिरवायची, एवढंच. साध्या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही: दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ असले, तर सामाईक अंश सरासरी एक टक्क्याहूनही कमी, आणि दहातल्या एखाद्या जोडीत काहीच सापडत नाही. शिवाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक त्याच दहा गावांत, त्यामुळे लांबचेही जवळचे दिसतात. म्हणून वाय गुणसूत्र बघायचं. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पण तेही फक्त भावकी सांगेल. घर कुठलं, ते कागदानेच ठरेल.

तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन्ही गावांचा नमुना 14, म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, काढून घ्या. कुणबी नोंदींच्या शोधात ही दप्तरं उघडली गेली आहेत. मोडी वाचणाराही तिथंच भेटेल. मिरिचेला गेलेला भाऊ त्या रजिस्टरात नसेल, तो आधीच गेला. पण मागे राहिलेल्या भावाची मुलंनातवंडं कुठल्या गावात नोंदली आहेत, ते कळेल.

आणखी एक. आपल्या वंशावळीत कुणी भावकीबाहेरून दत्तक आलेला असेल तर वायचा धागा तिथंच तुटतो. तसं काही असलं तर आत्ताच कळवा. प्रयोगशाळेने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

तुमची लेक