वाढ रोखली म्हणजे काय?

वर्गात क्रियापदं शिकवताना मी मुलांना सांगायचे, की जवळच्या अर्थाचे दोन शब्द कधीच अगदी एका अर्थाचे नसतात. 'मेलानोमाच्या पेशींची वाढ रोखण्यात यश' अशी बातमी वाचली की तेच आठवतं. रोखणं वेगळं, मारणं वेगळं, आणि माणूस बरा होणं तर फारच वेगळं. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, ह्या वाटेला कधी गेले नसते. पण गेल्या वर्षी थोरल्या बहिणीच्या टाचेवरचा काळा डाग हाच रोग निघाला, आणि मग भाच्याला एकेक शब्द विचारत समजून घेत गेले.

आधी ती प्रयोगशाळेतली पेशी. ए-३७५ नावाच्या पेशी जगभर वापरतात. चोपन्न वर्षांच्या एका बाईच्या मेलानोमातून त्या घेतल्या, १९७३ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून प्लास्टिकच्या बशीत, ३७ अंश तापमानात, वासराच्या रक्तातला द्रव घातलेल्या पोषक पाण्यावर त्या वाढताहेत. विरजण जपावं तसं, एका बशीतल्या थोड्या काढायच्या आणि दुसरीत घालायच्या. बाई गेली, तिचा रोग मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ जिवंत आहे. हे वाचून मी बराच वेळ काही केलं नाही.

ह्या पेशींना वाढीचं वेड का लागतं, ह्याचं एक मोठं कारण २००२ साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं. पेशीत बी-राफ नावाचं प्रथिन असतं. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की ते तो पुढे पोचवतं. ७६६ अमिनो आम्लांची ही माळ; तिच्यात ६०० व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं, की निरोप येवो न येवो, ते आपलं 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. मला हे चटकन कळलं. 'दिन'चा 'दीन' व्हायला एक वेलांटी पुरते! गंमत म्हणजे सुरुवातीला ही जागा ५९९ वी म्हणून छापली गेली होती. माळेतला एक मणी मोजायचा राहिला होता. असो. ए-३७५ मध्ये नेमका हाच बदल आहे.

मग ह्या बिघडलेल्या प्रथिनाला अडवणारं औषध आलं, व्हेमुराफेनिब. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. हा बदल असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी लहान झाल्या. जुन्या केमोथेरपीने शंभरात पाचांच्याच होत होत्या. पुष्कळांत मात्र सहासात महिन्यांत रोगाने दुसरी वाट शोधली.

भाचा ही गोळी मागवायला निघाला होता. "मावशी, निम्म्या लोकांना गुण येतोय, मग आईला का नको?" ताईच्या गाठीच्या तपासणीत तो बदल सापडला नव्हता. आपल्याकडे मुळात मेलानोमा कमी, आणि होतो तो बरेचदा तळपायाला नाहीतर नखाखाली; तिथल्या गाठींत हा बदल कमीच आढळतो. त्याचं म्हणणं, घेऊन तर बघू, अपाय काय?

अपाय होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून कागदावर काढून दाखवलं. न बिघडलेली राफ प्रथिनं जोडीने काम करतात. औषध जोडीतल्या एकाला चिकटलं, की दुसरा उलट चेततो. २०१० साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी हे दाखवलं. म्हणजे तीच गोळी एका पेशीला रोखते आणि दुसरीला पळवते! ही गोळी घेणाऱ्या अनेकांच्या त्वचेवर वेगळ्याच प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी आल्या, त्या ह्यामुळेच. निरोपाच्या साखळीतली पुढची कडीही अडवणारं दुसरं औषध सोबत दिलं की हे कमी होतं. अशा जोडगोळीला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

भाचा त्यानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. ताईला सध्या शिरेतून वेगळं औषध देताहेत, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारं.

अजून एक प्रयोग मला विसरता येत नाही. २०१३ साली उंदरांवर दिसलं, की औषधाला न जुमानणाऱ्या गाठी त्याच औषधाच्या आहारी जातात. औषध थांबवलं की त्या आक्रसतात. अधूनमधून औषध बंद ठेवलं तर रोगाला निर्ढावायला अवधीच मिळत नव्हता. किती सुंदर युक्ती! मग ती माणसांवर अजमावली, दोन औषधांच्या जोडीने. पाच आठवडे औषध, तीन आठवडे सुट्टी. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. औषध सलग घेणाऱ्यांचा रोग साधारण ९ महिने आवरलेला राहिला, सुट्टी घेणाऱ्यांचा साडेपाच. त्या चाचणीत दोनशेच्या वर माणसं होती.