मंथरा आणि मिसेस डीसा

काही वर्षांपूर्वी संमेलनासाठी नाटुकले बसविताना दुष्ट सावत्र आईची भूमिका आम्ही एका मुलीस दिली. तिचा एक डोळा किंचित तिरवा होता. ती हळूच म्हणाली, "सर, डोळ्यामुळेच ना?" आम्ही गप्प राहिलो, कारण तिचे म्हणणे खरे होते.

त्या रात्री आम्हांस ललिता पवार आठवल्या. १९८७ साली हुडकेश्वर खेडेच होते. शेजाऱ्यांकडे दूरचित्रवाणीवर 'रामायण' लागे, आणि ललिताबाईंची मंथरा दिसताच आम्ही आईच्या पदराआड दडत असू. ही येवल्याची बाई मूकपटांच्या काळी बालवयातच पडद्यावर आली व पुढे नायिका झाली, हे आम्हांस तेव्हा कोठून ठाऊक असणार! १९४२ साली चित्रण चालू असता सोबतचे नट भगवान यांची चपराक अशी बसली की, चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला व डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारे तीन वर्षे औषधोपचारांत गेली. नायिकेची कामे संपली. बाई परतल्या त्या खाष्ट सासू होऊन, आणि त्याच डोळ्याचा प्रेक्षकांस धाक बसला.

पण १९५९ च्या 'अनाडी'तील त्यांची मिसेस डीसा पाहावी! भाडेकरू राज कपूरवर तोंडाने डाफरणारी ही ख्रिस्ती घरमालकीण आम्हांस आमच्या आजीची सख्खी बहीण वाटते. डोळा तोच, पण त्यातून केवढी माया पाझरते! या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीजवळ चूक कबूल केली व हवी ती भूमिका घेण्यास सांगितले. तिने क्षणभर विचार केला.

"सावत्र आईच राहू द्या, सर. तिलाच बोलायला जास्त आहे."