पांढरा चहा, पण दुधाचा नव्हे!

"बाई, पांढरा चहा म्हणजे खूप दूध घातलेला ना?"

चौथीच्या वर्गात मी दार्जिलिंगहून आणलेला डबा उघडला आणि पहिला प्रश्न हा आला. मुलांनो, हसू नका. तिकडे जाईपर्यंत माझीही समजूत फारशी वेगळी नव्हती! आपल्याकडे चहा दोनच प्रकारचा, दुधाचा नाहीतर कोरा. मग हा पांढरा कुठून आला?

मे महिन्याच्या सुट्टीत मी, मुलीचे बाबा आणि आमची सातवीतली लेक असे तिघं दार्जिलिंगला गेलो. रत्नागिरीहून मुंबई, मुंबईहून हावडा, तिथून रात्रीच्या गाडीने न्यू जलपायगुडी. पुढे ती प्रसिद्ध छोटी गाडी. १८८१ पासून धावणाऱ्या या गाडीच्या दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट! दिवसभर ती डोंगर चढत राहते. कुठे पुढे जाते, कुठे चक्क मागे येते, पुन्हा वर चढते. घूम स्टेशन आलं तेव्हा आम्ही सात हजार फुटांच्या वर होतो आणि मे महिन्यात अंगात स्वेटर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाखालच्या एका चहाच्या मळ्यात उतरलो. डोंगराच्या उतारावर कमरेएवढी झुडपं आणि त्यांत पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका. या टोपलीला तिथे 'डोको' म्हणतात. तिचा पट्टा खांद्यावर नाही, कपाळावर घेतात! दोन्ही हातांनी पटापट खुडायचं, मूठ भरली की न बघता मागे टाकायचं. दोन पानं आणि मधली कळी, एवढंच खुडायचं. आमच्या लेकीने मोठ्या ऐटीत खुडून पाहिलं, तर तिच्या हातात चांगली जून पानं आली. सगळ्या बायका खळखळून हसल्या.

त्यातल्या एका दीदींशी आमच्या मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा झाल्या. पांढऱ्या चहाचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. "तो मार्चमध्ये खुडतो. नुसती कळी. दिवसभर खुडलं तरी टोपलीचा तळ झाकत नाही," त्या म्हणाल्या.

"लागतो कसा?" मी विचारलं.

त्यांचे हात काही थांबले नाहीत. "कोण जाणे! मी नाही कधी प्यायले. तुम्ही प्या आणि सांगा मला."

वीस वर्षं त्या खुडत होत्या.

त्याच संध्याकाळी बाजारातलं चहाचं एक दुकान गाठलं. दुकानदार काका उत्साही निघाले. त्यांनी एका पांढऱ्या ताटलीत चमचाभर चहा ओतला. तो चहा वाटेचना! हिरवट-रुपेरी, बारीक, टोकदार कळ्या. भिंग दिलं तेव्हा दिसलं, प्रत्येक कळीवर मऊ पांढरी लव होती, मांजराच्या पिल्लाच्या कानावर असते ना, तशी. 'पांढरा' हे नाव या लवेवरून पडलं. पेल्यातला चहा मात्र पांढरा नसतो, फिका सोनेरी असतो.

आपल्या घरची चहापूड करताना पानं सुकवतात, यंत्रात चुरडतात, फाडतात, गोळ्या वळतात. चुरडलेलं पान हवेने काळपट होतं, चिरलेलं सफरचंद होतं तसं. मग ते भाजून वाळवतात. पांढऱ्या चहाला यातलं जवळजवळ काहीच करायचं नाही. कळ्या पसरायच्या, सावकाश सुकू द्यायच्या, वाळवायच्या, बस्स! सोपं वाटतं ना? पण काका म्हणाले, यातच खरी परीक्षा. हवा दमट झाली की कळ्या काळ्या पडतात, आणि घाई केली तर नुसता गवताचा वास राहतो.

या चहाचं मूळ घर चीनमध्ये, फुजियान प्रांतातल्या फुदिंग आणि झेंगहे या भागांत. तिथे नुसत्या कळ्यांच्या चहाला 'रुपेरी सुई' म्हणतात. तो सगळ्यात नाजूक आणि गोडसर. कळीबरोबर एक-दोन पानं घेतली की 'पांढरी पिओनी'. पिओनी हे तिकडचं फूल. हा चहा थोडा दाट आणि फुलांच्या वासाचा. मोठ्या पानांचा 'शोउ मेई' रंगाने गडद, चवीला सुक्या फळांच्या जवळ. त्याच्या वड्या करून तो वर्षानुवर्षं मुरवतात, आणि जुना झालेला खुशाल उकळूनही पितात. दार्जिलिंगच्या मळ्यांचंही चीनशी नातं आहे बरं का! १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी इथे चहाचं बी लावून पाहिलं, ते चिनी जातीचंच होतं.

काकांनी काचेच्या पेल्यात चहा दिला. पहिल्या घोटाला मी मनात म्हटलं, हे तर गरम पाणी! दुसऱ्या घोटाला काहीतरी जाणवलं. तिसऱ्याला जिभेवर शहाळ्याच्या पाण्यासारखी गोडी आणि मागून किंचित मध. साखर तर घातलेलीच नव्हती. लेक म्हणाली, "आई, हा चहा हळू बोलतो." पन्नास ग्रॅमच्या पुडीची किंमत ऐकून मुलीच्या बाबांनी खिसा दोनदा चाचपला, पण घेतली.

सकाळी लॉजवर चहा केला, गाळून थर्मासमध्ये भरला आणि पुन्हा मळ्यात गेलो. कालच्या उतारावर कोणीच नव्हतं. बरीच शोधाशोध झाली तेव्हा खालच्या अंगाला दीदी सापडल्या. त्यांनी थर्मासच्या झाकणातून चहा घेतला, डोळे मिटून एक घोट, मग दुसरा. सगळ्या बायका हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"फिका आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मीठ नाही घातलंत?"

त्यांच्या घरी कोऱ्या चहात चिमूटभर मीठ असतं! एकच हशा पिकला. मग झाकण हातोहात फिरलं. एक आजी मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी झाकण पुन्हा पुढे केलं.

घरी आल्यावर माझी खरी फजिती झाली. मी मोठ्या थाटात सासूबाईंसाठी चहा केला. नेहमीसारखंच पातेल्यात पाणी, पाण्यात चहा, खळखळून उकळी. तुरट झाला, अगदी जांभळाची साल चावल्यासारखा! दार्जिलिंगला तर बिघडला नव्हता. मग लक्षात आलं. तिथे काकांनी चहा उकळला नव्हता, वरून पाणी ओतलं होतं. शिवाय जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. दार्जिलिंगला ते सुमारे ९३ अंशांवर उकळतं, आमच्या समुद्रकाठी १०० अंशांवर. या नाजूक कळ्यांना ८० अंश पुरे होतात.

शेजारच्या हायस्कूलमधून थर्मामीटर मागून आणला. गॅस बंद केल्यावर अर्धा लिटर पाणी ८० पर्यंत उतरायला सात-आठ मिनिटं लागली. ही कामं मोठ्यांना बरोबर घेऊनच करा हं! एका कपाला दोन चमचे चहा, कारण कळ्या हलक्या असतात. वरून पाणी ओतायचं, चार-पाच मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं. दूध नको, साखर नको. त्याच कळ्यांवर पुन्हा पाणी ओतलं की दुसरा कप, आणि तिसराही. दिसायला फिका असला तरी यातही कॅफिन असतं, तेव्हा तुम्ही घोटभरच घ्या.

हा कप सासूबाईंनी सावकाश संपवला. "चहा म्हणून नको देऊस मला हे," त्या म्हणाल्या. "चहा माझा नेहमीचाच ठेव, आल्याचा. पण हे पाणी दुपारी पुन्हा कर गं."