उतरलेली पट्टी

आमचा मिरजेचा तंबोरा वडिलांबरोबर हैदराबादेस आला आणि वर्षानुवर्षे काळी दोनमध्येच लागला. सत्तरी उलटल्यावर त्यांचा तारषड्ज फुटू लागला. तरी पट्टी उतरविणे त्यांना माघार वाटे. एका एकादशीस देवळातील भजनापूर्वी मी मुकाट्याने खुंट्या सैल करून पांढरी एक लावली. तीन अर्धस्वरांच्या त्या उताराने तारांचा ताण सुमारे ३० टक्के घटला. पंचम लटपटला, खर्जाची जवारी खरखरू लागली. स्वर उतरवूनही ताण राखावयाचा, तर तार जाड हवी, हे तेव्हा ध्यानी आले. माघार निराळी, शैथिल्य निराळे. पुढील एकादशीपूर्वी चारही तारा थोड्या जाड चढविल्या. वडील तारषड्जावर निर्वेध पोहोचले. पट्टीविषयी ते काहीच बोलले नाहीत. काढलेल्या जुन्या तारा मात्र त्यांनी वेटोळे करून देवघरात ठेविल्या.