आई, अक्षरे दोन

इंग्रजी शब्दकोड्यात एक सूचना अधूनमधून हजेरी लावते. दक्षिण अमेरिकेतला प्राणी, अक्षरे दोन. उत्तराचं स्पेलिंग ए आणि आय. पण उच्चार 'एआय' नव्हे. तो हल्ली यंत्रांच्या अकलेसाठी राखून ठेवलाय. उच्चार चक्क 'आई'!

इंग्रजी शब्दकोशातली ही आई म्हणजे तीन नखांचा स्लॉथ. आणि स्लॉथ म्हणजे आळस. आता बोला! पहाटे उठून दूध तापवण्यापासून रात्री विरजण लावेपर्यंत जी खाली टेकत नाही, तिच्या नावाचा हा अर्थ.

शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. ब्राझीलच्या तुपी लोकांचा. हा प्राणी बारीक आवाजात 'आ-ई' ओरडतो, म्हणून त्याचं नाव आई. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि फिरत फिरत तो इंग्रजीत आला. (आपल्याकडे हा आवाज पोरं काढतात, तेही ठेच लागल्यावर.) स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली त्याला ब्रॅडिपस, म्हणजे मंद पावलांचा, असं शास्त्रीय नाव देऊन आळसावर शिक्कामोर्तब केलं.

स्वारी झाडाला उलटी लटकते, पानं खाते आणि ती पचवायला दिवसच्या दिवस घेते. केसांत हिरवं शेवाळ उगवतं. जमिनीवर उतरायचं ते आठवड्यातून साधारण एकदा, प्रातर्विधीला! माणूस असो की जिराफ, मानेत मणके सात. याच्या मानेत बहुधा नऊ. त्यामुळे अंग न हलवता मागचं दिसतं. हे लक्षण मात्र आमच्या आईतही आहे. पाठमोरी पोळ्या लाटत असताना डब्यातला लाडू कोणी उचलला, हे तिला बरोब्बर कळतं.

ही सगळी माहिती मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने मेथी निवडता निवडता ऐकून घेतली.

"आणि पिल्लू कोण सांभाळतं?"

"तीच. साधारण सहा महिने पोटाशी घेऊन हिंडते."

"उलटी लटकून?"

"हो."

"सहा महिने पोर पोटाशी धरून उलटं लटकायचं," आई म्हणाली, "आणि हा मेला तिला आळशी म्हणतो! कोण रे तो, कुठला म्हणालास?"

"स्वीडनचा."

"त्याला किती मुलं होती?"

हे मात्र कोड्यात कधी विचारत नाहीत.