बोर्डावरचा चौकोन

बास्केटबॉलच्या बोर्डावर, रिंगच्या बरोबर वर, एक छोटा चौकोन आखलेला असतो. खेळ शिकायला आलेल्या मुलांना आधी तोच दाखवतात. रिंगकडे बघू नका, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. चेंडू तिथं लागला की आपसूक आत जाईल. पुढं हात तयार होतो, ताकद येते आणि चौकोन मागं पडतो. बोर्डाला न शिवता सळकन जाळीतून उतरणारा चेंडू दिसायला देखणा, आणि उंच उडी घेऊन रिंगमध्ये कोंबलेला चेंडू त्याहून देखणा. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत १९९७ ते २०१६ असे एकोणीस हंगाम खेळलेल्या टिम डंकनने मात्र तो चौकोन अखेरपर्यंत सोडला नाही. रिंगच्या डाव्या अंगाला, बारा-पंधरा फुटांवर, साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात तो उभा राहायचा. चेंडू हातात आला की वळून समोरच्या खेळाडूकडे तोंड करायचा, क्षणभर थांबायचा आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन चेंडू अलगद बोर्डाच्या कोपऱ्यावर टेकवायचा. चेंडू आत पडेपर्यंत तो स्वतः मागे पळत बचावाला निघालेला असे. चेहऱ्यावर काही नाही.

या माणसाला लोक कंटाळवाणा म्हणत. हा शिक्का त्याच्यावर पहिल्या काही वर्षांतच बसला आणि शेवटपर्यंत टिकला. त्याच्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा सामना म्हणजे संथ आणि निरस, असं टीव्हीवरचे जाणकारही बोलत. प्रतिस्पर्धी खेळाडू शकील ओनीलने त्याला ‘बिग फंडामेंटल’ हे नाव दिलं, म्हणजे पायाभूत गोष्टींचा महामेरू. त्यात आदर होता, पण इतरांच्या तोंडी तेच नाव कधी कधी तक्रारीसारखं ऐकू येई. मला या शिक्क्याविषयीच बोलायचं आहे, कारण तो डंकनबद्दल कमी आणि आपल्या पाहण्याबद्दल जास्त सांगतो, असं माझं मत आहे. ज्याला आपण तोचतोचपणा म्हणालो तो सोबतच्या खेळाडूंना दिलेला भरवसा होता. त्या भरवशाच्या जमिनीवर इतरांना मुक्तपणे खेळता आलं. त्याच्या कारकिर्दीचं खरं मोल त्याच्या नावावरच्या आकड्यांपेक्षा तिथं शोधायला हवं.

आधी त्या फेकीकडेच बघू. बोर्डाचा आधार घेणं हे नवशिक्याचं काम, असा समज आहे. भूमिती वेगळं सांगते. बाजूच्या कोनातून थेट रिंग साधायची तर अंतर अचूक लागतं, जरा जोर जास्त झाला की चेंडू मागच्या कडेवर आपटून बाहेर येतो. बोर्ड तो जादा जोर शोषून घेतो आणि चुकीला थोडी जागा देतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०११ साली संगणकावर असंख्य फेकी मांडून हेच दाखवलं की मैदानाच्या काही भागांतून बोर्डावरून मारलेला चेंडू थेट मारलेल्या चेंडूपेक्षा जास्त वेळा आत जातो. डंकनला हे हातानं ठाऊक होतं. पण खरी अवघड गोष्ट पुढची आहे. तो काय करणार हे समोरच्याला माहीत असायचं. जागा माहीत, कोन माहीत, वळण्याची पद्धत माहीत. तरीही अडवता येत नसे, कारण त्या एका हालचालीच्या पोटात अनेक शक्यता दडलेल्या होत्या. तुम्ही जवळ आलात तर तो पाऊल टाकून बाजूनं निघणार, लांब राहिलात तर चौकोन, दोघं धावून आलात तर मोकळ्या झालेल्या साथीदाराकडे पास. गवई जन्मभर त्याच षड्जावर बसतो तेव्हा त्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही. षड्ज पक्का असल्यामुळेच पुढचा राग उभा राहतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना तेवढा कान नव्हता, असंच म्हणावं लागेल.

ही घडण कुठून आली, याचा माग थोडा काढावासा वाटतो. डंकन १९७६ साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय या बेटावर जन्मला. घरात पोहण्याचं वेड होतं. त्याची बहीण ट्रिशा १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये व्हर्जिन आयलंड्सकडून पोहली, आणि तोही त्याच वाटेवर होता. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळानं बेटावरचा ऑलिंपिक आकाराचा एकमेव तलाव उद्ध्वस्त केला. सराव समुद्रात करावा लागणार होता आणि त्याला शार्कची भीती वाटायची. पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगानं गेली. पोहणं तिथंच सुटलं. नववीत गेल्यावर त्यानं बास्केटबॉल हातात घेतला, म्हणजे पुढे जगात गाजलेल्या खेळाडूंच्या मानानं फारच उशिरा. मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं त्याला शिकवलं, आणि हा मुलगा एवढा उंच होईल असं त्या माणसाला वाटलं नसल्यामुळे शिकवलं ते बुटक्या खेळाडूचं कसब: चेंडू सांभाळणं, पास देणं, पायांची जागा. नंतर उंची जवळपास सात फुटांवर गेली, पण हातापायांची समज तीच राहिली. आईला दिलेल्या शब्दाखातर त्यानं वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षं पूर्ण करून मानसशास्त्राची पदवी घेतली. अर्ध्यातून व्यावसायिक खेळात गेला असता तरी अगदी वरच्या क्रमांकावर निवडला गेला असता, हे सर्वांना माहीत होतं.

कोणी म्हणेल, ही साधना नव्हे, निसर्गदत्त देणगी. तसं असतं तर फ्री थ्रोच्या, म्हणजे मोकळ्या फेकीच्या, रेषेवर त्याची इतकी ओढाताण झाली नसती. तिथं समोर कोणी नसतं, घाई नसते, अंतर ठरलेलं. तरी कारकिर्दीत त्याचे दहातले सातच चेंडू आत गेले, व्यावसायिक खेळाडूसाठी हे प्रमाण बेताचंच. अगदी समोरून बोर्डाची फारशी मदत होत नाही. ज्या कोनातून त्यानं हजारो वेळा हात घोटला होता तिथंच तो अजोड होता, हे यातून दिसतं.

आता भरवशाचा मुद्दा. स्पर्सच्या घडणीत डंकनसोबत दोन परदेशी खेळाडू होते, फ्रान्सचा टोनी पार्कर आणि अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली. पार्कर बाणासारखा आत घुसणारा. जिनोबिली असे पास द्यायचा की प्रशिक्षक डोक्याला हात लावायचे. जिनोबिलीचा पास चुकला, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर रिंगखाली डंकन उभा असे. त्याच्या नावावर ३,०२० ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवलेल्या फेकी, आहेत. वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या संघांत तो पंधरा वेळा निवडला गेला, इतक्या वेळा दुसरा कोणीही नाही. आणि तरी ‘वर्षातला सर्वोत्तम बचावपटू’ हा एकट्याला मिळणारा मान त्याला एकदाही मिळाला नाही. मतदारांना दरवर्षी कोणीतरी नवा डोळ्यांत भरत होता. त्याच्या असण्याचा दुसरा परिणाम कपडे बदलायच्या खोलीत दिसायचा. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच कडक शिस्तीचे. ते सर्वांसमोर डंकनला झापत, आणि तो खाली मान घालून ऐकून घेई. संघातला सर्वांत मोठा खेळाडू ऐकून घेतो म्हटल्यावर दुसरा कोणता खेळाडू तोंड वर करणार? त्यानं आपल्याला शिकवू दिलं, याबद्दल पॉपोविच यांनी त्याचे अनेकदा जाहीर आभार मानले आहेत. निकाल कागदावर आहे. तो होता त्या एकोणीसही हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला, पाच वेळा विजेता ठरला: १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४. एकाच संघाकडून नियमित हंगामातले हजार सामने जिंकणारा तो पहिला खेळाडू.

सर्वांत गंभीर आक्षेप नशिबाचा आहे. डंकनला आधीच डेव्हिड रॉबिन्सनसारखा थोर खेळाडू असलेला संघ मिळाला, एकच प्रशिक्षक मिळाला, समजूतदार व्यवस्थापन मिळालं. दुसऱ्या शहरात, दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलणाऱ्या संघात, हाच शांत माणूस हरवून गेला असता. यात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. पण नशीब एकोणीस वर्षं स्वतःहून टिकत नाही. २००० साली करार संपला तेव्हा ऑर्लँडो मॅजिककडे जाण्याच्या तो अगदी जवळ आला होता. राहणं हा त्यानं विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, सवय नव्हे. आणि २०१२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दोन कोटी डॉलरच्या वर गेलेला वार्षिक मोबदला त्यानं नव्या करारात निम्म्याहून खाली आणू दिला. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. एकानं कमी घेतलं की बाकीच्यांना ठेवता येतं. तो तोवर गडगंज झालेला होता, त्यामुळे याला त्याग म्हणायची गरज नाही. पण ज्या व्यवसायात पगाराचा आकडा म्हणजेच प्रतिष्ठा समजली जाते तिथं असं करणारे थोडेच. दोन वर्षांनी पाचवं विजेतेपद ज्या संघानं मिळवलं, तो या वाचलेल्या पैशावर उभा होता. चांगली जागा त्याला मिळाली हे खरंच. ती चांगली राहिली ती मात्र त्याच्यामुळे.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या बाजूचा आहे, आणि तो मला जवळचा वाटतो. माणसं पैसे मोजून येतात. त्यांना थरार हवा, खेळाडूचं मन दिसायला हवं. डंकनचा समकालीन कोबी ब्रायंट यानं ते भरभरून दिलं. २०१५-१६ च्या हंगामात तो शहरोशहरी निरोप घेत फिरला आणि १३ एप्रिल २०१६ रोजी शेवटच्या सामन्यात ६० गुण केले. ते दृश्य विसरण्यासारखं नाही. डंकनही त्याच हंगामानंतर थांबला. ११ जुलैला संघानं एक छोटं निवेदन काढलं, बस्स. ना दौरा, ना भाषण. इथं कोबीला कमी लेखण्याचं कारण नाही. मनमोकळं देणं हीही मोठी गोष्ट. पण डंकनला मनच नव्हतं, असं त्याच्या गप्प राहण्यावरून ठरवणं चूक आहे. २००७ मध्ये डॅलसच्या सामन्यात तो बाकावर बसून हसला म्हणून पंचानं त्याला बाहेर काढलं. उरलेल्या हंगामासाठी निलंबन झालं ते त्या पंचाचंच. भावना होत्या. त्या कुठं खर्च करायच्या, हे तो ठरवत होता.

आणि २०१३ च्या अंतिम मालिकेत त्या भावना सर्वांना दिसल्या. मायामी हीटविरुद्ध स्पर्स ३-२ नं पुढं होते. सहाव्या सामन्यात डंकननं ३० गुण आणि १७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) मिळवले, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना संघाकडे पाच गुणांची आघाडी होती. ती तीनवर आली तेव्हा, निर्णायक क्षणी, पॉपोविच यांनी डावपेच म्हणून त्याला बाकावर बसवलं होतं. मायामीची फेक हुकली, पण रिबाउंड त्यांच्याच ख्रिस बॉशनं उचलला, रे ॲलननं कोपऱ्यातून तीन गुणांची फेक साधून बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना हातचा गेला. सातव्या सामन्यात दोन गुणांनी मागं असताना, शेवटच्या मिनिटात, शेन बॅटिएवरून मारलेला डंकनचा साधा, रोजचा, घोटलेला चेंडू रिंगला लागून बाहेर आला. परत आलेला चेंडू ढकलला, तोही गेला नाही. माघारी पळत येऊन त्यानं दोन्ही तळवे जमिनीवर आपटले. टीकाकारांनी म्हणावं, घोटून घोटून काय मिळालं? माझ्या मते उत्तर पुढच्या वर्षी मिळालं, आणि ते एकट्या डंकनचं नव्हतं. २०१४ ची अंतिम फेरी गाठल्यावर तो न बोलणारा माणूस मुलाखतीत उघड म्हणाला की या वेळी आम्ही जिंकणार. मायामीच समोर आली. स्पर्स ४-१ नं जिंकले, आणि जिंकले ते अशा पासांवर की चेंडू कोणाच्याच हातात फार वेळ थांबत नव्हता. मालिकेचा मानकरी ठरला बावीस वर्षांचा कवाय लेनर्ड. डंकन अडतीस वर्षांचा होता, आणि आपल्या वाट्याचे चेंडू दुसऱ्याच्या हातात जाताना पाहणं त्याला जड गेल्याचं कुठंच दिसलं नाही. सतत एकाच्याच खांद्यावर संघ तोलून धरणं म्हणजे थोरवी, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या २०२० सालच्या यादीत डंकन, कोबी आणि त्यांचा समकालीन केविन गार्नेट ही तिन्ही नावं एकत्र आली, तोवर कोबी अपघातात गेलेला होता. तिघांची तुलना अजून चालते आणि चालेल. ज्यांना डंकनचं नाव मागं टाकावंसं वाटतं त्यांना एकच विनंती आहे. १५ जून २००३ रोजी न्यू जर्सी नेट्सविरुद्ध झालेला अंतिम मालिकेचा सहावा सामना पूर्ण पाहा, निवडक क्षणांची चित्रफीत नको. चेंडूचा नाद सोडा आणि फक्त एकवीस नंबरच्या खेळाडूच्या पायांकडे लक्ष ठेवा: तो कुठं उभा राहतो, कोणासाठी जागा मोकळी करतो, साथीदार चुकला की किती पावलांत तिथं पोहोचतो. रॉबिन्सनचा तो कारकिर्दीतला शेवटचा सामना होता. स्पर्स ८८-७७ असे जिंकले. डंकनच्या नावावर त्या रात्री २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट (गुण करून देणारे पास) आणि ८ ब्लॉक लागले.